अभ्रकाचा मोती

मोटारीच्या रंगाला 'पर्ल' हे नाव लागले म्हणून त्यात मोत्याची पूड असते असे नव्हे. त्यात असते ते अभ्रक, आणि तेही इतके बारीक दळलेले की चिमटीत धरल्यावर ते पुडीसारखे न लागता साबणासारखे गुळगुळीत लागते. साधा रंग आणि हा मोतिया रंग यांच्यातला भेद केवळ चमकेचा नाही, तर रंग दिसण्याच्या पद्धतीचाच आहे. साध्या लाल रंगातील रंगद्रव्य प्रकाशातील इतर छटा शोषून घेते आणि लाल तेवढी परत पाठवते, त्यामुळे तो रंग कोणीही लावला, जाड लावला किंवा पातळ लावला, तरी लालच राहतो; मोतिया रंगात मात्र दिसणारी छटा बऱ्याच अंशी पापुद्र्याच्या जाडीतून आणि तो कोणत्या कोनात पडला आहे यातून जन्माला येते, आणि म्हणून डब्यात काय आहे याच्याइतकेच तो मारणाऱ्याचा हात कसा फिरला यालाही महत्त्व येते. मोटार घरच्या घरी मोतिया रंगात रंगवण्याचा प्रयत्न फसतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी.

पावसाळ्यात पुणे–सोलापूर महामार्गावर, मोडनिंबच्या थांब्याजवळ ट्रक उभे राहतात तिथे, साचलेल्या पाण्यावर डिझेलचा तवंग पसरलेला दिसतो आणि त्यात जांभळी, हिरवी, सोनेरी वर्तुळे फिरत असतात. डिझेलला स्वतःला हे रंग नसतात. तवंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशाचे दोन किरण एकमेकांत मिसळतात. तवंगाच्या जाडीप्रमाणे त्यांतील काही छटा एकमेकींना बळ देतात, तर काही एकमेकींना मारतात. भौतिकशास्त्रात या घटनेला व्यतिकरण म्हणतात. खऱ्या मोत्यात आणि शिंपल्याच्या आतल्या अस्तरात हेच घडते, कारण ते अस्तर ॲरागोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाच्या सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीच्या वड्या एकावर एक रचून बनलेले असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, एवढे सांगितले म्हणजे या वड्यांच्या बारीकपणाचा अंदाज यावा.

कारखान्यात हीच रचना अभ्रकाच्या आधाराने उभी करतात. अभ्रकाचा गुण असा की ते पाकळीपाकळीने सुटते. जुन्या विजेच्या इस्त्रीतील तार अभ्रकाच्या ज्या पातळ, पारदर्शक पत्रीवर गुंडाळलेली असे, ती नखाने सोलून पाहिलेल्यांना हे सांगावे लागत नाही. साधारण ५ ते २५ मायक्रॉन लांबी-रुंदीच्या अशा पाकळ्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप चढवतात. हा पदार्थ प्रकाशाला अभ्रकापेक्षा पुष्कळ अधिक वाकवतो, त्यामुळे दोन्हींच्या सीमेवरून प्रकाश चांगला परततो. लेपाची जाडी सुमारे ५० नॅनोमीटर असेल तर चंदेरी पांढरी झळाळी मिळते, ती ७० च्या आसपास गेली की सोनेरी, ९० च्या आसपास तांबूस, पुढे निळी आणि १४० च्या सुमारास हिरवी होते. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग. पदार्थ तोच, फक्त लेप किंचित जाड केला, आणि सोन्याचे पाचू झाले. टायटॅनियमऐवजी लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिला तर ब्राँझ आणि तांब्याच्या छटा येतात, कारण तिथे व्यतिकरणाला लोहाच्या स्वतःच्या रंगाची जोड मिळते.

हे साधायला माणसाला तीनशे वर्षे लागली. सतराव्या शतकात पॅरिसमधील जाकॅं नावाच्या मणी बनवणाऱ्या कारागिराने एका लहान माशाच्या खवल्यांतील चमकदार द्रव्य काढून ते काचेच्या पोकळ मण्यांत भरले आणि नकली मोत्यांचा धंदा उभा राहिला. पुढे शिशाची आणि बिस्मथची संयुगे वापरात आली, त्यांतील शिसे विषारी निघाले, आणि १९६० च्या दशकात, प्रामुख्याने अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या १९६३ च्या पेटंटनंतर, अभ्रकावर टायटॅनियमचा लेप ही पद्धत रुळली. मोटारींवर ती १९८० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणात दिसू लागली. महाराष्ट्राचा या व्यवसायाशी संबंध ग्राहकापुरता नाही. पुण्यात १९५१ साली स्थापन झालेली आणि रोहा व महाड येथे कारखाने असलेली सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीज ही कंपनी इतर रंगद्रव्यांबरोबर मोतिया रंगद्रव्येही बनवते. कच्चे अभ्रक मात्र मुख्यतः झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीह या पट्ट्यातून आणि आंध्र प्रदेशातून येते. झारखंडातील सोडून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून मुले अभ्रक वेचतात हे उघड झाल्यावर जगभरच्या खरेदीदारांवर दबाव आला, आणि आता प्रयोगशाळेत वितळवून घडवलेले कृत्रिम अभ्रकही वापरले जाते. पुरवठ्याची ही साखळी किती नाजूक आहे हे मार्च २०११ मध्ये दिसले. जपानच्या फुकुशिमा प्रांतातील ओनाहामा येथे मर्क कंपनीचा कारखाना ॲल्युमिनाच्या पाकळ्यांवर आधारलेले एक खास चमकदार रंगद्रव्य बनवत असे. भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीच्या अपघातानंतर तो बंद पडला, आणि अमेरिकेतील मोटार कंपन्यांना काही काळ्या आणि लाल छटांच्या मागण्या थांबवाव्या लागल्या. गाड्या तयार होत्या, चकाकी नव्हती.

मोतिया रंगाचे काम तीन थरांत चालते. सर्वांत खाली अपारदर्शक तळरंग, त्यावर पारदर्शक माध्यमात मिसळलेल्या अभ्रकाच्या पाकळ्यांचा मधला थर आणि सर्वांत वर रंगहीन, कठीण संरक्षक थर, ज्याला गॅरेजच्या भाषेत 'क्लिअर' म्हणतात. मधला थर पारदर्शक असल्याने तळरंग त्यातून दिसत राहतो, आणि तळरंगाची निवड हीच खरी रंगाची निवड ठरते. निळी झळाळी देणारी पूड पांढऱ्या तळावर मारली तर समोरून गाडी पांढरीच दिसते, वळणावर तिच्या अंगावरून निळसर सावली सरकते इतकेच. तीच पूड काळ्या तळावर मारली तर गाडी गडद निळी भासते, कारण पाकळ्यांतून आरपार गेलेला उरलेला प्रकाश काळा तळ गिळून टाकतो आणि परतलेला निळा तेवढा उरतो. बाजारातून पुडी आणून ती जुन्या रंगावर मारण्याच्या तयारीत असलेल्या माणसाने आधी हे पाहावे, कारण दुकानातला नमुना काळ्या कार्डावर असतो आणि दारातली गाडी बहुधा पांढरी असते. काही जण पूड थेट वरच्या क्लिअरमध्येच मिसळतात. थर एक वाचतो हे खरे, पण पुढे घासकाम आणि पॉलिश करताना पाकळ्याच कापल्या जातात आणि पृष्ठभागावर ढगांसारखे डाग उमटतात, त्यामुळे ही काटकसर टाळावी हे बरे.

पाकळ्या पृष्ठभागाशी समांतर, पाण्यावर तरंगणाऱ्या पानांसारख्या आडव्या पडल्या तर त्या सगळ्या एका दिशेने प्रकाश परतवतात आणि गाडी उजळ दिसते. थर एकदम ओला आणि जाड मारला तर त्या ओल्या रंगात पाकळ्या पोहत राहतात, कोणतीही कशीही वळते, आणि तो भाग काळपट, मळकट दिसतो. रंग फवारणारी गन पृष्ठभागाच्या फार जवळ आली, हात क्षणभर थांबला, पट्ट्यांची एकमेकांवरची चढ कमीजास्त झाली, की त्या जागी पट्टा उमटतो, आणि हा पट्टा मारताना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात, दहा पावलांवरून दिसतो. डाळिंबाच्या बागेत औषध फवारणाऱ्या माढा तालुक्यातील शेतकऱ्याला नोझलचे भोक, दाब आणि थेंबाचा आकार यांचे नाते शिकवावे लागत नाही. पानावर औषध ओघळू लागले की मात्रा वाया गेली, हे तो जाणतो. रंगातही ओघळ म्हणजे अपयशच. फरक असा की बागेत एखादे झाड जास्त भिजले तर दुरून ते ओळखू येत नाही, आणि मोटारीच्या दारावर एक वीत जागा जास्त भिजली तर ती गाडी विकेपर्यंत डोळ्यांत खुपते.

मोडनिंबसारख्या गावात हे काम पत्र्याच्या शेडमध्ये किंवा घराच्या पडवीत होणार हे गृहीत धरले, तर पहिला प्रश्न ऋतूचा येतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्याचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक. अशा उष्णतेत रंगाचा थेंब गनमधून निघून पृष्ठभागावर पोहोचेपर्यंतच अर्धा सुकतो, पाकळ्या आडव्या पडण्याऐवजी जशा पडतील तशा चिकटतात आणि हात फिरवला तर पृष्ठभाग खरखरीत लागतो. सावकाश उडणारे थिनर वापरून हे थोडे सावरता येते, पूर्ण नाही. पावसाळ्यात, विशेषतः जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस देणाऱ्या सप्टेंबरात, हवेतील ओलावा थिनरच्या बाष्पीभवनाने थंड झालेल्या पृष्ठभागावर बसतो आणि जुन्या पद्धतीच्या नायट्रोसेल्युलोज रंगावर, ज्याला कारागीर 'एनसी' म्हणतात, दुधाळ धूसरपणा येतो. उरतो हिवाळा, आणि तो रंगासाठी उत्तम. पण त्याच महिन्यांत गळीत हंगाम सुरू असतो, उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या कच्च्या रस्त्यांवरून धुरळा उडवत जातात आणि ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या साखर कारखान्याच्या धुराड्यातली चिपाडाची काजळी अंगणात पडते. म्हणजे हवा चांगली असते तेव्हा ती स्वच्छ नसते. यावर उपाय वेळेच्या निवडीचा आहे: दव उडून गेल्यावर आणि वारा सुटण्याआधी, साधारण सकाळी नऊ ते अकरा ही वेळ साधावी, आदल्या संध्याकाळी शेड झाडून घ्यावे, काम सुरू करण्यापूर्वी जमिनीवर पाण्याचा सडा मारून धूळ बसवावी आणि गाडी कडुनिंबाखाली लावून रंगवण्याचा मोह सोडावा, कारण सावली देणारे झाड फुले, किडे आणि पाखरांची विष्ठाही देते.

तयारीच्या कामात वेळेचा मोठा वाटा जातो आणि त्याचे कौतुक कोणी करत नाही. पोचे काढणे, लांबी किंवा पटीन भरणे, प्रायमर मारणे, मग पाणी लावून वॉटर पेपरने घासणे हा क्रम गावातील डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांना पाठ असतो, म्हणून त्याचा विस्तार इथे नको. मोतिया रंगापुरत्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. पहिली अशी की साध्या रंगाखाली ४०० नंबरच्या कागदाचे ओरखडे झाकले जातात, पण अभ्रकाच्या पाकळ्या ओरखड्यांच्या कडेने रांगेत बसतात आणि ते उठून दिसतात, त्यामुळे तळरंगापूर्वीचे शेवटचे घासकाम ८०० किंवा त्याहून बारीक कागदाने करावे. दुसरी पाण्याची. बोअरच्या जड पाण्याने धुतलेला पत्रा वाळला की त्यावर क्षारांची पांढुरकी कडी राहतात, आणि रंगाखाली राहिलेला क्षार पुढे ओलावा ओढून फुगे आणतो. म्हणून शेवटचे धुणे पिण्याच्या जारच्या पाण्याने करणे ही उधळपट्टी नव्हे. गाडीवर पूर्वी सिलिकॉनयुक्त पॉलिश लावलेले असेल, किंवा केसाला तेल लावलेला हात पुसलेल्या पत्र्यावर टेकला असेल, तर रंग त्या ठिकाणाहून मागे सरतो आणि बारीक गोल खड्डे पडतात, ज्यांवर नंतर कितीही रंग मारला तरी ते भरत नाहीत.

गाडीला हात लावण्यापूर्वी चाचणीपट्टी करणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. जुन्या पत्र्याचा हातभर तुकडा घेऊन त्याला गाडीचाच तळरंग द्यावा, मग मास्किंग टेप आणि कागदाने त्याचे पाच भाग करून मधल्या मोतिया थराचे पहिल्या भागावर एक, दुसऱ्यावर दोन, असे पाचव्यावर पाच हात मारावेत आणि सगळ्यावर क्लिअर चढवावे. वाळल्यावर ही पट्टी उन्हात, सावलीत आणि रात्री ट्यूबलाइटखाली पाहिली की हव्या त्या छटेला किती हात लागतात हे कळते. तिसऱ्या आणि चौथ्या हातातला फरक पट्टीवर लहान वाटतो, पण गाडीचे एक दार तीन हातांचे आणि शेजारचे चार हातांचे झाले तर ती गाडी अपघातातून आल्यासारखी दिसते. प्रत्यक्ष मारताना गनचे नोझल १.३ ते १.४ मिलिमीटरचे, पृष्ठभागापासून अंतर १५ ते २० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्म्याहून थोडा अधिक चढलेला, आणि दोन हातांमध्ये ओलेपणाची चमक मावळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटांची उसंत, हे सर्वसाधारण माप आहे. मनगट वळवून कमानीत रंग मारण्याची सवय असेल तर ती मोडावी लागते, कारण कमानीच्या दोन्ही टोकांना गन पृष्ठभागापासून लांब जाते. दार काढून जमिनीवर आडवे ठेवून रंगवणे सोयीचे वाटते, तरी ते करू नये. आडव्या आणि उभ्या पत्र्यावर पाकळ्या सारख्या बसत नाहीत, त्यामुळे गाडीवर जो भाग उभा असतो तो उभाच ठेवून रंगवावा.

इथे विजेचाही संबंध येतो. लहान कंप्रेसरची टाकी भरते आणि रिकामी होते त्या चढउतारात गनचा दाब बदलतो, व्होल्टेज पडले की मोटर कण्हते आणि दाब आणखी खाली येतो. दाब घटला की थेंब मोठा होतो, थेंब मोठा झाला की थर ओला पडतो आणि बॉनेटच्या ऐन मध्यावर मळकट पट्टा येतो. थ्री फेजची वेळ पाहून काम आखणे, टाकी पूर्ण भरल्यावरच नवा हात सुरू करणे आणि गनपूर्वी पाणी वेगळे करणारा ट्रॅप बसवणे या साध्या खबरदाऱ्यांनी महागड्या रंगापेक्षा अधिक फायदा होतो. खरे तर पहिल्याच प्रयत्नात पूर्ण मोटार अंगावर घेण्यापेक्षा मोटारसायकलची टाकी किंवा बाजूच्या आरशांची टोपणे रंगवावीत. फसले तर घासून पुन्हा करता येतात आणि घरात बोलणीही कमी बसतात.

वरचा क्लिअर थर दोन प्रकारांत मिळतो. एकात द्रावक उडून गेला की थर सुकतो. दुसऱ्यात हार्डनर मिसळावा लागतो आणि रासायनिक बंध तयार होऊन थर कठीण होतो, त्याला गॅरेजमध्ये 'टू-के' किंवा 'पीयू' म्हणतात. सोलापूरच्या उन्हात टिकायला दुसराच चांगला, आणि धोकाही त्यातच आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटाची संयुगे असतात. भोपाळमध्ये १९८४ साली गळलेला मिथिल आयसोसायनेट वायू याच रासायनिक कुळातला, परंतु त्याहून कितीतरी अधिक उडून जाणारा. रंगातील संयुगे तशी पसरत नाहीत, तरी गनने फवारल्यावर त्यांचे धुके श्वासात जाते आणि फुप्फुसे एकदा त्यांना संवेदनशील झाली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. वास आला नाही म्हणून हवा सुरक्षित आहे असेही होत नाही. तोंडाला उपरणे गुंडाळून किंवा औषध फवारताना वापरतात त्या कापडी मास्कवर हे काम करणे म्हणजे काहीच न करण्यासारखे आहे. व्यावसायिक बूथमध्ये बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरतात तो याचसाठी. तशी सोय नसेल तर तळरंग आणि मोतिया थर घरी मारून क्लिअर तेवढा बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, मग त्या कामाला 'घरचे' म्हणताना मन थोडे कचरले तरी चालेल. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते, आणि पडवीला लागून स्वयंपाकघर किंवा देवघर असेल तर गॅसची शेगडी आणि समई दोन्ही विझवून ठेवणे आवश्यक ठरते.

क्लिअर पूर्ण कठीण झाल्यावर, म्हणजे किमान काही दिवसांनी, त्यावर बसलेले धुळीचे कण आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत १५०० पासून ३००० नंबरपर्यंतच्या कागदाने पाणी लावून काढतात आणि रबिंग कंपाऊंडने चमक परत आणतात. क्लिअरची जाडी साधारण ४० ते ६० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी, हे लक्षात ठेवले तर कडांवर आणि बॉनेटच्या धारांवर जोर देण्याचे धाडस होत नाही.

कागदपत्रांचे काम उरते. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे रंग बदलला तर तो परिवहन कार्यालयाकडून नोंदवून घ्यावा लागतो, आणि माढा तालुक्यातील गाडीमालकाला त्यासाठी अकलूजच्या कार्यालयाची वाट धरावी लागते. विमा कंपनीलाही कळवलेले बरे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत एका रंगाला मात्र मुळातच मनाई आहे, तो म्हणजे संरक्षण खात्यासाठी राखून ठेवलेला ऑलिव्ह हिरवा, मग तो मोतिया असो वा साधा.

काम संपल्यावर ती पाच भागांची पत्र्याची पट्टी भंगारात जाऊ देऊ नये. तिच्या मागच्या बाजूला तळरंगाचा क्रमांक, पुडीचे प्रमाण, थिनरचे नाव आणि गाडीवर मारलेल्या हातांची संख्या खिळ्याने कोरून ती डिकीत ठेवावी, कारण वर्ष-दोन वर्षांनी एखादी उसाची ट्रॉली मागच्या दाराला घासून गेली की दुरुस्तीला बसलेला पेंटर डबा उघडण्याआधी एकच प्रश्न विचारतो: मधले हात किती मारले होते?